पुढच्या चाकाची लटपट

"दोन्ही हात!" मी भर रस्त्यात ओरडले.

ओरडू नको तर काय करू? बारीक पाऊस पडत होता. मी छत्री सावरत चढ चढत होते आणि समोरून एक माणूस स्कूटरवरून उतरत होता... एका हाताने. दुसऱ्या हाताने चष्म्यावरचं पाणी पुसणं चाललं होतं. वेग कमी होत होता आणि हँडलला हुडहुडी भरली होती. पुढचं चाक डावीकडे-उजवीकडे, डावीकडे-उजवीकडे, नुसतं लटपटत होतं.

त्याने दचकून दुसरा हात हँडलवर ठेवला, ब्रेक दाबला आणि नेमका माझ्यासमोर येऊन थांबला. चष्मा अर्धाच पुसलेला. एक डोळा स्वच्छ, एक डोळा धुक्यात.

"मला काही म्हणालात?"

"दोन्ही हातांनी धरा म्हणाले. चाक लटपटतंय तुमचं."

"ते नेहमीच लटपटतं."

"आणि तुम्ही नेहमीच चष्मा पुसता?"

तो हसला. हसू आधी एका गालात आलं, मग जरा उशिराने दुसऱ्या. "पाऊस असला तरच."

"खाली उतरलात की डाव्या हाताला टायरचं दुकान आहे. निळं शटर. दाखवून घ्या."

"चांगलं काम करतात का तिथे?"

"बरं करतात," मी म्हणाले, आणि छत्री तिरकी करून चालू लागले.

बाजार करून परत आले, तर निळ्या शटरखाली तीच स्कूटर उभी. बाबा स्टुलावर बसून त्याला सांगत होते, "चाकाचं बॅलन्सिंग माझी मुलगी करते. येईलच इतक्यात."

तो वळला. मी छत्री मिटली.

"बरं करतात म्हणालात," तो म्हणाला.

"बाहेर स्वतःची किती तारीफ करायची?"

बाबांनी एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे बघितलं आणि मुद्दामच पंक्चरच्या कामाला लागले.

आमच्या दुकानाची वाटणी अशी होती — टायर उपटणं, पंक्चर, हवा, गिऱ्हाइकांशी गप्पा हे बाबांकडे; आणि जिथे गप्प राहून बघत बसावं लागतं ते सगळं माझ्याकडे. मी त्याचं पुढचं चाक काढलं, टायरमध्ये हवा नीट भरली आणि चाक स्टँडच्या दांडीवर चढवलं. बोटाने हलकेच ढकललं. ते फिरलं, रेंगाळलं, थोडं मागे आलं आणि थांबलं.

"आता?" तो शेजारी उकिडवा बसला होता.

"आता कळलं. जड बाजू आपोआप खाली येते. म्हणजे वजन समोरच्या बाजूला लावायचं." मी वरच्या टोकाला खडूने खूण केली आणि शिशाची छोटी चिकट पट्टी रिमवर दाबून बसवली. "लहान चाकाचं फार नाजूक असतं. मोठं चाक संथ फिरतं, हे भिरभिरतं. एवढासा फरक असला तरी हातापर्यंत पोचतो."

"आणि जमलं हे कसं ओळखायचं?"

"जिथे ठेवू तिथे थांबलं पाहिजे. कुठल्याच बाजूला ओढ नको."

मी चाक चौथाई फिरवून सोडलं. ते जरासं सरकलं. पट्टी कापली, पुन्हा लावली, पुन्हा सोडलं. तो श्वाससुद्धा हळू घेत होता. असं माझं काम कुणी कधी बघितलं नव्हतं. लोक फोन बघतात, नाहीतर "झालं का?" विचारतात.

"तुम्ही काय करता?" मीच विचारलं.

"कान तपासतो."

"कोणाचे?"

"लहान मुलांचे जास्त. आणि अशा नवऱ्यांचे, ज्यांना बायको बोललेलं ऐकू येत नाही."

"त्याला इलाज आहे?" बाबांनी तिकडून विचारलं.

"यंत्र आहे. पण घालून घेत नाहीत."

बाबा इतके हसले की टायर उपटायची लोखंडी पटाई हातातून खाली पडली. तो गेल्यावर म्हणाले, "माणूस गोड आहे. तुझे हे लटपटे साहेब."

"माझे कुठले?"

"बरं, स्कूटरचे," बाबा म्हणाले.

चार-पाच दिवसांनी लटपटे साहेब परत आले. लटपट निम्मी झाली होती, पण गेली नव्हती. मला जरा राग आला... स्कूटरचा. पुढचं चाक जमिनीपासून उचलून मी हँडल दोन बोटांनी हळूहळू फिरवलं. सरळ रेषेत आल्यावर ते बारीकसं अडकलं.

"इथे हात ठेवा," मी म्हणाले. "फिरवून बघा. मधोमध काही लागतं का?"

त्याने हात ठेवला. हँडल एक आणि हात दोघांचे, तेव्हा जागा कमीच पडली.

"हो... खाच आहे. बरोबर मधे."

"कोनसेट खराब झालाय. हँडल ज्या गोळ्यांवर फिरतं ना, त्यांनी वाटीत खड्डे पाडलेत. तो बदलू."

"आणि तो आवाज?"

"कुठला आवाज?"

"चाक फिरताना येतोय तो. अगदी बारीक. वाळूवरून चालल्यासारखा."

मला काही ऐकू आला नव्हता. मी चाक जोरात फिरवलं, मोठा स्क्रूड्रायव्हर आसाला टेकवला आणि मूठ कानाला लावली. होता. खरंच होता. बेअरिंगमध्ये कचकच सुरू झाली होती. हाताला अजून लागली नसती, पण महिन्या-दोन महिन्यांत लागली असती.

"नोकरी करता का आमच्याकडे?" मी विचारलं.

"जागा आहे?"

"हवेच्या मशीनपाशी आहे."

तो हसला, आणि मग हसू आवरतं घेत म्हणाला, "थोडी आधी भेटली असती तर बरं झालं असतं... नोकरी. या महिन्याच्या शेवटी मी जातोय. घाटापलीकडे, डोंगरातल्या दवाखान्यात. तिथून पाड्या-वस्त्यांवर जाऊन शाळेतल्या मुलांचे कान तपासायचे. म्हणून तर गाडीच्या मागे लागलोय. वळणावळणाचा रस्ता आहे."

"किती दिवसांसाठी?"

"सध्या दोन वर्षं."

मी पाना उचलला. पाना चुकीच्या मापाचा होता. तो ठेवून दुसरा घेतला, तोही चुकीचाच निघाला.

कोनसेट बदलला, बेअरिंगं बदलली. मग चालवून बघायला हवी म्हणून उताराच्या रस्त्यावर गेलो. तो पुढे, मी मागे. पाऊस नव्हता, पण झाडांवरून थेंब पडत होते. माझ्या मानेवर एक पडला, तेव्हा मी नकळत त्याचा खांदा धरला. नंतर सोडायला हवा होता. नाही सोडला.

"आता वेग उतरू द्या," मी त्याच्या कानाशी म्हणाले. "हँडल सोडायचं नाही. फक्त बोटं सैल करा. मी सांगते तेव्हा."

"सांगा."

"आता."

त्याने बोटं सैल केली. स्कूटर सरळ, शांत, पाण्यावरून होडी जावी तशी उतरत गेली. हँडल हललंसुद्धा नाही. खालच्या वळणावर तो थांबला, मागे वळला आणि म्हणाला, "गेली."

"गेली," मी म्हणाले.

इतकं चांगलं काम केल्यावर माणसाला आनंद होतो. मला झाला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवताना मनात आलं, एखादी पट्टी कमी लावली असती तर? एवढीशीच लटपट राहिली असती, तर तो आला असता पुन्हा. आणि मग मला तो घाट दिसला — एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला काहीच नाही — आणि हातातला घास मी ताटात परत ठेवला. असला विचारसुद्धा नको, असं मी स्वतःला बजावलं.

आणि तो आलाच. चेहरा अपराध्यासारखा.

"तुम्ही रागावणार. पुन्हा लटपटतेय."

"शक्यच नाही!"

"मलाही तसंच वाटलं. पण कामावर जाताना लटपटते. इकडे येताना नाही."

मी कंबरेवर हात ठेवले. "कामावर जाताना आणि इकडे येताना काय फरक असतो?"

"इकडे येताना..." तो थबकला, कान लाल झाले, "मन हलकं असतं."

"मी गाडीबद्दल विचारतेय."

"हां. गाडी. पेटी असते ना कामावर जाताना. तपासणीच्या यंत्राची. मागच्या कॅरिअरवर बांधतो."

"आणि ती इतके दिवस कुठे होती?"

"घरी काढून ठेवायचो. दुरुस्तीला देताना गाडी रिकामी करून द्यावी म्हणून."

मी कपाळाला हात लावला. तेलाचा डाग पडला असणार, कारण तो माझ्या कपाळाकडे बघून हसू दाबत होता. "अहो, एवढं वजन पार मागे टांगलं की पुढचं चाक हलकं होतं! जमिनीला धरूनच राहत नाही ते. घेऊन या आधी ती पेटी."

पेटी आली. काळी, जाड कडांची, उचलताना माझीच मान आखडेल एवढी. बाबा म्हणाले, "यात माणूस बसेल." मी ती कॅरिअरवरून काढून पुढे, पाय ठेवायच्या जागेत बसवायची ठरवली, खाली आणि सीटला टेकून. त्यासाठी दोन पट्ट्या नि दोन कड्या लावाव्या लागणार होत्या. मोजमाप घेताना मी विचारलं, "हे यंत्र चालतं कसं?"

"बघायचंय?"

त्याने शटर अर्धं ओढलं. बाबा जेवायला वर घरी गेले होते. त्याने माझ्या कानांवर मोठे, मऊ हेडफोन ठेवले. एक बट मध्ये आली, ती त्याने बाजूला केली... अगदी डॉक्टरसारखी, पण डॉक्टर तीच बट दोनदा बाजूला करत नाहीत.

"आवाज आला की बोट वर करा. कितीही बारीक असला तरी."

आणि जग बंद झालं. रस्ता, हॉर्न, वरच्या मजल्यावरचं आईचं भांड्यांचं आवरणं, सगळं. मग लांबून एक टिंबाएवढा सूर आला. मी बोट वर केलं. दुसरा, त्याहून बारीक. बोट वर. तो यंत्राच्या खुंट्या फिरवत होता आणि मान न उचलता, फक्त पापण्या उचलून माझ्याकडे बघत होता. सूर विरत गेले. शेवटी काहीच राहिलं नाही. आम्ही एकमेकांकडे बघत होतो, एवढंच.

मी बोट वर केलं.

त्याने एका कानावरचा हेडफोन अलगद उचलला. "आता मी काहीच वाजवलं नव्हतं."

"मला ऐकू आलं."

"काय?"

मी बोलणार होते. देवाशप्पथ, बोलणार होते. पण बाबांच्या चपला जिन्यावर वाजल्या, त्याने हेडफोन काढून घेतले आणि मोठ्याने म्हणाला, "कान उत्तम आहेत तुमच्या मुलीचे."

"असायलाच हवेत," बाबा म्हणाले. "माझं मात्र एक ऐकत नाही."

पेटी पुढे बसवल्यावर लटपट गेली ती गेलीच. उतारावर, खडीवर, वेग उतरताना, सगळीकडे बघून झालं.

जायच्या दिवशी तो सकाळी लवकर आला. मी कड्या तपासल्या, हवा तपासली. तपासण्यासारखं सगळं संपलं.

"एक लक्षात ठेवा," मी स्कूटरच्या आरशाकडे बघत म्हणाले. "नवीन कोनसेट थोडा चालला की बसतो, मग सैल पडतो. तीन-चार आठवड्यांनी नट आवळून घ्यावा लागेल."

"त्यासाठी यावं लागेल का इथे?"

हो म्हणायचं होतं. एक अक्षर. पण खोटं बोलून ज्याला घाटातून एवढं लांब आणायचं, तो मला काय समजेल?

"नाही," मी म्हणाले. "तिथला कोणीही करून देईल."

"कोणीही?"

"साधं काम आहे."

तो काही तरी बोलेल म्हणून मी थांबले. मी काही तरी बोलेन म्हणून तो थांबला. मग त्याने हेल्मेट चढवलं. स्कूटर कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी बघत होते — पुढचं चाक कसं सरळ, कसं निश्चिंत चाललं होतं. माझ्याच हातचं काम. इतकी चीड मला कुठल्याच चाकाची आली नव्हती.

त्यानंतरच्या दिवसांचं काय सांगू? दुकान तेच, चाकं तीच. पण स्टँडवर चाक फिरवून सोडलं की ते थांबेपर्यंत माझं मन घाट चढून यायचं. शटरबाहेर कुठलीही स्कूटर थांबली की हातातलं काम थांबायचं. आई म्हणाली, "वजन उतरलंय तुझं." बाबा म्हणाले, "पट्टी लाव समोरच्या बाजूला." मी दोघांवरही चिडले. संध्याकाळी बाबा माझ्या आवडीचं काहीतरी खायला घेऊन आले.

एकदा दुकानाचा फोन वाजला.

"गाडी छान चालतेय," तो म्हणाला. मागे पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"पेटी?"

"हलत नाही जागची."

"हवा बघता ना? पुढच्या चाकात..."

"बघतो."

तिकडे पाऊस जरा ओसरला.

"इथे फार शांत आहे," तो म्हणाला. "इतकं शांत मला सोसत नाही, हे माहीत नव्हतं."

मी फोनची वायर बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. "मुलं येतात तपासायला?"

"येतात. काल एका चिमुरडीने यंत्र घातल्यावर पहिल्यांदा पाऊस ऐकला. रडली नाही, हसली नाही. मला विचारलं, हा रोज असाच वाजायचा?" तो थांबला. "मला वाटलं, हे तुम्हाला सांगावं."

"सांगितलंत ते बरं केलंत," मी म्हणाले. दुसरं काही सुचलंच नाही. फोन ठेवल्यावर मात्र दुपारभर सुचत राहिलं.

आणि मग एका शनिवारी, दुकान बंद करायच्या वेळी, बाबांनी नुसती हाक मारली, "पोरी, तुझे लटपटे."

या वेळी मी "माझे कुठले" म्हणाले नाही.

तो उभा होता. उन्हाने काळवंडलेला, गुडघ्यापर्यंत लाल धूळ. मी स्कूटर स्टँडवर घेतली, पुढचा भाग उचलला, हँडल फिरवून बघितलं. मऊ, एकसारखं. चाक धरणारा पुढचा चिमटा पुढे-मागे हलवला. जरासुद्धा ढिलाई नाही. मग मी नटाकडे नीट बघितलं.

"हा कोणीतरी आवळलाय."

"हो."

"पान्याच्या ताज्या खुणा आहेत."

"तिथल्या गॅरेजवाल्याने आवळून दिला. तुम्ही सांगितलं होतं तसाच. मागच्याच आठवड्यात."

"मग आज काय काम काढलंत?"

"काही काम नाही." त्याने घसा साफ केला. "मी इतके दिवस काहीतरी बिघडायची वाट बघितली. काही बिघडेच ना. तुम्ही काम असं करून ठेवलंय! शेवटी म्हटलं, काम नसताना जाऊ."

बाबांनी पटाई ठेवली, हात धुतले. "मी वर चहाचं सांगतो," ते म्हणाले, आणि गुडघे दुखतात म्हणून एकेक पायरी मोजून चढणारा माझा बाप दोन-दोन पायऱ्या चढून गेला.

"जायच्या दिवशी बोलला का नाहीत?" मी विचारलं. आवाज चढलाच.

"बोलणार होतो. चला म्हणणार होतो माझ्याबरोबर. पण तुम्ही वाकून कड्या तपासत होतात. मागे ते स्टँड, ती चाकं... हे सगळं तुमचं आहे. सोडून या असं कुठल्या तोंडाने म्हणू? उत्तर नाहीच येणार, हे माहीत होतं."

"म्हणजे प्रश्न तुमचा आणि उत्तरही तुम्हीच देऊन मोकळे? मला मधे बोलायची संधी?"

त्याने हातातलं हेल्मेट सीटवर ठेवलं. मग म्हणाला, "चुकलं."

"चुकलंच. दुकान मी सोडणार नाही, ते खरं आहे. बाबांचे गुडघे गेलेत आणि हे काम मला आवडतं. पण म्हणून मला काही वाटत नाही, असं कोणी सांगितलं तुम्हाला? तुम्ही गेल्यापासून मी..." मी रस्त्याकडे हात केला. "रस्त्यावरून जाणारी प्रत्येक स्कूटर मी ऐकते. कान उत्तम आहेत ना माझे."

तो एक पाऊल पुढे आला. आमच्या मधे स्कूटर होती. पुढचं चाक अजून हवेत होतं.

"दोन वर्षं आहेत," तो म्हणाला. "नंतर मी खाली येऊ शकतो. इथल्या दवाखान्यातही कान तपासायला माणूस लागतोच. पण तोपर्यंत थांबा म्हणणं म्हणजे..."

"नुसती थांबणार नाही मी," मी म्हणाले. "रविवारी दुकान बंद असतं. एका रविवारी तुम्ही खाली या, एका रविवारी मी वर येईन. दोन वर्षांनी काय ते तेव्हा बघू."

"घाट चढून?"

"मला स्कूटर चालवता येते. चाकंसुद्धा सरळ असतात माझी."

तो हसला, आणि मग हसू थांबवून माझ्याकडे बघत राहिला. "खरंच येशील?"

"आत्ताच म्हणाले ना, येईन."

"ते दुकानातल्या 'तुम्ही' म्हणाल्या. मी तुला विचारतोय."

चहा घेऊन कोणी खाली येत नव्हतं. वर भांडंसुद्धा वाजत नव्हतं. आई आणि बाबा दोघंही जिन्याशी कान लावून बसले असणार, याची मला खात्री होती. माझे हात काळे होते. पुसायला फडकं शोधलं, सापडलं नाही. शेवटी एक हात तसाच पुढे केला, स्कूटरवरून. त्याने तो दोन्ही हातांनी धरला.

"येईन," मी म्हणाले. "पण घाटाच्या खालच्या वळणावर थांब तू. पुढचा रस्ता मला माहीत नाही."